मिसरीची तलफ
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



व्यसनावर बोला असे समितीने सांगितले, तेव्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर दारूच असणार. दारूवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज मिसरीवर बोलणार आहे, कारण मिसरीला आपल्याकडे कोणी व्यसनच म्हणत नाही. ती दात घासायची वस्तू. वस्तुतः तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली ती तंबाखूच, आणि भाजल्याने तिच्यातली नशा जात नाही.

ही नशा निकोटीन या द्रव्याची. १८२८ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ते तंबाखूतून वेगळे काढण्यात आले. हिरड्यांच्या नाजूक कातडीतून ते थेट रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर मेंदूत जाते. (बंधूंनो, हसू नका. तुमच्या तळहातावरच्या चुन्याने तर ते अधिकच लवकर उतरते.)

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रसायनांमार्फत. त्यांपैकी अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनासाठी पेशींवर जणू कुलपे बसवलेली असतात. निकोटीन ही त्या कुलपांना चालणारी बनावट किल्ली. ती फिरली की डोपामिन नावाचे दुसरे रसायन सुटते, तरतरी येते, बरे वाटते. पण रोज हेच चालले की मेंदू अशी कुलपे वाढवीत जातो, आणि ती उघडली नाहीत तर माणसाला चैन पडत नाही. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, रात्रभरात बहुतेक उतरून जाते. म्हणून पहाटे उठल्याबरोबर डोके जड, चिडचिड आणि हात डबीकडे. बाई म्हणते, “मिसरी लावली की डोकं उतरतं.” उतरते हे खरे. पण ते चढविले कोणी? आदल्या दिवशीच्या मिसरीनेच!

तीच गोष्ट पोटाची. निकोटीनने मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून मिसरीशिवाय परसाकडे होत नाही ही तक्रार खोटी नव्हे. मात्र ते औषध नव्हे, सवय आहे.

आता मुख्य गोष्ट. निकोटीनने नाडी जलद चालते, रक्तवाहिन्या आखडतात, आणि गरोदरपणी ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मिसरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळले. आधीच अडीच किलोच्या आत भरणाऱ्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे. पोरीची दाढ दुखली म्हणून आजी प्रेमाने चिमूटभर मिसरी देते, पुढे तीच पोर सासरी डबी घेऊन जाते आणि डोहाळ्यांतही ती सुटत नाही. आजीचा हेतू वाईट नसतो, हे मला पुरते ठाऊक आहे.

तोंडाच्या कर्करोगाबद्दल थोडक्यात सांगतो. तलफ लावते निकोटीन, आणि कर्करोग देणारी द्रव्ये तंबाखूत निराळी आहेत. गालात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस जड जातात. डोके दुखेल, झोप नीट लागणार नाही, घरच्यांवर ओरडाल. ते दिवस घरच्यांनी सोसावेत. सुनेने सोडली तर सासूने निदान तिच्यासमोर डबी उघडू नये. पुढे काही आठवड्यांत मेंदूतली वाढलेली कुलपे कमी होत जातात. सोडण्यासाठी सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारी दूरध्वनी सेवा आहे, तिला पैसे पडत नाहीत. ज्या भगिनींना दिवस गेले आहेत, त्यांनी कितवा महिना आहे हे पाहत बसू नये. आजची डबी आजच चुलीजवळून हलवावी, आणि दात घासायला साधी पेस्ट किंवा कडुलिंबाची काडी घ्यावी.