दूरच्या संगणकावरील परिसर



घरच्या संगणकापुढें बसून शेंकडों कोसांवरील दुसऱ्या संगणकांत प्रवेश करावा व त्याच्याकडून काम करून घ्यावें, ही गोष्ट आतां नित्याची झाली आहे. ह्यासाठीं 'एसएसएच' नांवाची जी पद्धति रूढ आहे, ती फिनलंडमधील तातू युलोनेन ह्यांनीं १९९५ सालीं तयार केली. परंतु ह्या मार्गानें जाणाऱ्या नवशिक्याला एक कोडें हटकून पडतें. घरच्या संगणकावर त्यानें जीं मूल्यें ठरवून ठेवलेलीं असतात, तीं दूरच्या संगणकावर दिसतच नाहींत. तीं वाटेंत हरवलीं कीं काय?

हीं मूल्यें म्हणजे 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल'. आपण त्यांना परिसर-चलें म्हणूं. बीजगणितांतल्याप्रमाणें येथेंही एक नांव व त्याचें मूल्य अशी जोडी असते. आज्ञावली कोणकोणत्या कप्प्यांत शोधावी हें 'पाथ' हें चल सांगतें. भाषा कोणती, तें 'लँग' सांगतें. प्रत्येक चालू आज्ञावलीला हीं चलें आपल्या जननीकडून वारशानें मिळतात. कोड्याची उकल येथेंच आहे. दूरच्या संगणकावरील तुमचें काम तुमच्या घरीं जन्मत नाहीं. तें तेथील द्वारपालाच्या, म्हणजे 'एसएसएचडी' ह्या आज्ञावलीच्या पोटीं जन्मतें. मग वारसा तुमच्या घरचा कसा असणार?

घरचें चल पाठवावयाचेंच असेल, तर दोन्ही बाजूंची संमति लागते. पाठविणाऱ्यानें 'सेंडएन्व्ह' ह्या सूचनेंत त्याचें नांव लिहावें आणि यजमानानें 'ॲक्सेप्टएन्व्ह' मध्यें तेंच नांव मान्य करावें. 'ओपनएसएसएच' च्या मूळ मांडणींत पडद्याचा प्रकार सांगणारें 'टर्म' हें चल तेवढें यजमान घेतो, बाकीचीं नाकारतो.

यजमान इतका संशयी कां, असें आपण विचाराल. 'टेलनेट' ह्या जुन्या मार्गानें कित्येक यजमान पाहुण्याचीं चलें बेधडक घेत असत. एखाद्यानें खोट्या ग्रंथालयाचा पत्ता चलांत लिहून पाठविला, कीं परवलीचा शब्द विचारणारी आज्ञावलीच फसे आणि साऱ्या संगणकाची सत्ता त्याच्या हातीं जाई. ह्या धोक्याची जाहीर सूचना १९९५ च्या नोव्हेंबरांत निघाली. पुढें २०१४ सालीं 'बॅश' मध्येंही चलांत दडविलेल्या आज्ञा आपोआप चालविल्या जातात, असें उघडकीस आलें. तेव्हां हा संशय अनाठायीं नव्हे.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. आपण रीतसर प्रवेश करून बसलों, म्हणजे यजमान 'प्रोफाइल' नांवाचीं टिपणें वाचून परिसर सजवितो. परंतु दुरूनच एक आज्ञा पाठविली, तर तीं टिपणें सामान्यतः वाचलीं जात नाहींत; 'पाथ' अपुरा राहतो आणि दिवसा बिनबोभाट चालणारी आज्ञा सांपडत नाहीं. रात्रीं आपोआप दप्तराची प्रत काढण्याचें काम ह्यामुळें मुकाट्यानें बंद पडतें, आणि तें कळतें मूळ दप्तर नष्ट झाल्यावर!

म्हणून अशा कामांत आज्ञेचा संपूर्ण पत्ता लिहावा, लागणारें चल आज्ञेबरोबरच द्यावें, आणि प्रथम 'एन्व्ह' ही एकच आज्ञा त्याच रीतीनें पाठवून तेथील परिसर डोळ्यांनीं पाहावा. परक्या घरीं आपल्या घरच्या सोयी गृहीत धरूं नयेत, हा जुनाच शिष्टाचार येथेंही उपयोगीं पडतो.