टपालाच्या पेटीत घरचे दप्तर



२०१९ च्या ऑगस्टात आपल्या सांगलीने कृष्णेचा पूर पाहिला. भांडीकुंडी धुऊन पुन्हा मांडता आली. पण पलंगाखालच्या ट्रंकांतून रेशनकार्डे, दाखले, घरपट्टीच्या पावत्या होत्या, त्यांचा लगदा झाला. मग कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणे आले, आणि तेथे पहिला प्रश्न काय, तर “जुना नंबर सांगा!” म्हणून आज एक सोपी युक्ती सांगते.

ई-मेल म्हणजे दुसऱ्याला पत्र धाडण्याची सोय, असे आपण समजतो. तेच पत्र आपण आपल्यालाच धाडावे. कागदाचा स्वच्छ फोटो काढून पत्राला जोडावा आणि पत्ता आपलाच घालावा. पत्र आपल्याच पेटीत येऊन राहते. फोन पाण्यात गेला तरी ते जात नाही, कारण ते कंपनीच्या दूरच्या यंत्रावर असते.

पूर्वी ही पेटी अगदी चिमुकली, दोन-चार एमबीची असे. २००४ साली १ एप्रिलला जीमेल निघाले व एकदम १ जीबी जागा फुकट देऊ केली, तेव्हा पुष्कळांना ती एप्रिलफुलाची थट्टाच वाटली! आता १५ जीबी मिळते, मात्र मोबाइलवरून चढवलेले फोटोही तीतच वाटेकरी असतात. जागा भरली की नवी पत्रे येईनाशी होतात. तेव्हा लग्नाच्या चित्रफिती तेथे कोंबू नयेत.

खरी मेख विषयाच्या ओळीत आहे. फडताळातले सगळे डबे सारखे असले की जिरे शोधताना ओवा हाती येतो. तसे नुसते फोटो धाडून भागत नाही. विषयात मराठीतच ‘घरपट्टी पावती २०२४’ असे लिहावे, आणि खाली कागदाचा नंबर व तारीख. पुढे ‘घरपट्टी’ एवढा शब्द शोधला की कागद समोर. एटीएमचा पिन मात्र तेथे चुकूनही लिहू नये.

पेटी आपल्या नावाची आणि आपल्याच नंबरावर असावी, हे मी आग्रहाने सांगते. मुलाच्या नंबरावर उघडली आणि त्याने परगावी जाऊन नंबर बदलला, की कुलूप आपले अन् किल्ली कुणाकडेच नाही. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. तसा नियम त्यांनी २०२३ साली जाहीर केला. महिन्यातून एकदा तरी पेटी उघडावी.

मूळ कागद अर्थातच जपायचे. आधार, गुणपत्रिका यांसाठी सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, व तेथे खात्याकडून आलेली प्रत मुळासारखी मानतात. पण डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या, सोनाराच्या पावत्या, सासूबाईंच्या हातचे हिशेब आपणच ठेवायला हवेत.

चहा झाल्यावर ज्यांना हवे त्यांनी फोन आणि कोणताही एक कागद घेऊन माझ्याजवळ बसावे. पहिले पत्र आजच धाडू.