करंजाच्या बिया आणि डिझेल

आपल्या नगर जिल्ह्यात शेतातून निघणाऱ्या इंधनाचा विषय आला की बोलणं उसाकडे आणि इथेनॉलकडे वळतं. कारखान्यांचा जिल्हा, त्यामुळे ते साहजिक आहे. पण इथेनॉल जातं पेट्रोलमध्ये, आणि आपला ट्रॅक्टर, मळणीयंत्र, मालाची गाडी चालते डिझेलवर. त्या डिझेलच्या जोडीला उभं राहू शकेल असं एक झाड आपल्या ओढ्याकाठी पूर्वापार आहे. ते म्हणजे करंज.

उन्हाळ्याच्या तोंडाला करंजाखाली चपट्या, टणक शेंगांचा सडा पडतो. शेंग दगडानं ठेचली की आत बहुतेक एकच लालसर बी निघते, चवीला कडू. तिच्यात साधारण तीस टक्के तेल असतं. एक्सपेलरमधून काढलं तर चार किलो बियांना लिटरभर तेल मिळतं. हे तेल कुणी खात नाही, आणि माझ्या दृष्टीनं तोच त्याचा मोठा गुण आहे. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. तेव्हा शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल इंजिनात जाळणं आपल्याला परवडायचं नाही.

1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण नुसतं तेल डिझेलपेक्षा जवळजवळ दहापट दाट असतं. नोझलमधून त्याचा नीट फवारा उडत नाही, ते अर्धवट जळतं आणि आत काजळी धरते. म्हणून त्याचं बायोडिझेल करावं लागतं. शंभर किलो तेलाला वीस-बावीस किलो मिथेनॉल आणि किलोभर कॉस्टिक सोडा घेतात, आणि साठ अंशांच्या आसपास तापवून ते ढवळत ठेवतात. मग मिश्रण निवू देतात. काचेच्या भांड्यात हे पाहण्यासारखं असतं. तळाशी काकवीसारखं काळपट ग्लिसरीन बसतं आणि वर मधाच्या रंगाचं पातळ बायोडिझेल तरंगतं. ते वेगळं करून कोमट पाण्यानं धुतात आणि त्यातलं पाणी पूर्ण उडवतात. मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. मिथेनॉल विषारी आहे आणि चटकन पेट घेतं. घरच्या चुलीवर हा प्रयोग कुणीही करू नये.

वीस वर्षांपूर्वी या विषयाची मोठी लाट आली होती, ती अनेकांना आठवत असेल. 31 डिसेंबर 2002 ला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालवली गेली. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं बायोडिझेलसाठी मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, प्रचंड लागवडीची शिफारस केली. शेजारच्या नाशिकला विनायकदादा पाटलांनी तर ऐंशीच्या दशकातच तो वनशेतीत आणला होता. पडीक जमीन, पाणी नको, खत नको, गुरं तोंड लावत नाहीत, असं सांगितलं गेलं. झाड जगलं हे खरं, पण मुरमाड रानात, बिनपाण्याचं, पोटभर बी त्यानं दिलं नाही. आणि बी येत नसेल तर नुसत्या हिरव्या झाडाचं शेतकऱ्यानं काय करायचं? 2009 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानं 2017 पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं होतं. 2018 च्या धोरणानं ते 2030 पर्यंत पाच टक्क्यांवर आणलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की डिझेलसाठी म्हणून रान अडकवू नका. करंज बांधाला, ओढ्याला, गावरस्त्याला लावा. हे शेंगवर्गीय झाड आहे, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतं. सावली मिळते. तेल काढल्यावर उरणारी पेंड उत्तम खत आहे, वाळवीलाही आवर घालते. एखाद्या वर्षी बी कमी आलं तरी झाड तोट्यात जात नाही.

खरी अडचण बी गोळा करण्याची आहे. एका झाडाखाली आठ-दहा किलो शेंगा मिळतात, तर दुसऱ्याखाली नव्वद. हे विखुरलेलं धन एकट्यादुकट्याला परवडत नाही. पण ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तिथं पाच-दहा गावांनी मिळून एक एक्सपेलर चालवणं अवघड का वाटावं? बचत गटांनी बी गोळा करावं, तेल एकत्र विकावं, पेंड गावातच ठेवावी. बायोडिझेल करण्याचं काम तपासणीची सोय असलेल्या कारखान्याकडे असू द्यावं.

यंदा शेंगा गोळा करणार असाल तर वळवाच्या आधी करा. भिजलेली शेंग बुरसते आणि तेलातली आम्लता वाढते. असल्या तेलात कॉस्टिक घातलं की इंधन होण्याऐवजी साबणाचा लगदा होतो, आणि ते आधी सल्फ्युरिक ॲसिडच्या प्रक्रियेतून काढावं लागतं. म्हणजे खर्च वाढला, आणि तो तुमच्या भावातून कापला जाणार. शेंगा कडक उन्हात वाळवा, बी फोडून पुन्हा एक-दोन ऊन द्या, आणि गोणपाटाच्या पोत्यात भरून पोती फळीवर ठेवा, ओलीवर नको.