मुतखड्याचे निदान : सोनोग्राफी की सीटी स्कॅन?



वैशाखाच्या उकाड्यात मालवणात अंगातून घामाच्या धारा वाहतात. दिवसभराच्या धावपळीत पाणी पिण्याचे भान राहत नाही, आणि एखाद्या रात्री कुशीत अशी कळ उठते की मनुष्याला ना बसवत, ना निजवत. कळ पाठीकडून जांघेकडे उतरते, ओकारी येते, लघवी लालसर होते. ही बहुधा मुतखड्याची लक्षणे असतात. महागडी तपासणी ती अधिक चांगली, अशी सर्वसाधारण समजूत असल्याने घाबरलेले नातेवाईक पुष्कळदा थेट सीटी स्कॅनचाच आग्रह धरतात. हा आग्रह कितपत योग्य, हे पाहणे अगत्याचे आहे.

सोनोग्राफीत मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीपासून चित्र तयार होते. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांच्या १९५८ च्या निबंधानंतर ही पद्धत वैद्यकात रूढ होत गेली. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराचे पातळ छेद संगणकावर उभे राहतात. या शोधाबद्दल गॉडफ्रे हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अचूकतेत सीटी सरस, हे निर्विवाद होय. मुतखड्यासाठी शिरेतून कोणतेही औषध न टोचता केलेल्या सीटीत जवळजवळ सर्व खडे दिसतात. साध्या क्ष-किरण चित्रात न उमटणारे युरिक ॲसिडचे खडेही त्यात सापडतात. खड्याचे नेमके माप, जागा आणि घनता कळल्याने पुढील उपचार ठरविणे सोपे जाते. सोनोग्राफीला मात्र आतड्यातील वायूचा अडथळा होतो. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील लहान खडे तिच्या नजरेतून निसटतात, आणि लहान खड्याचे माप ती पुष्कळदा वाढवून दाखवते. असे असले तरी खड्याने वाट अडवून मूत्रपिंड फुगले असेल, तर ती सूज सोनोग्राफीत चटकन कळते. पहिल्या घटकेला डॉक्टरांना बहुधा हेच जाणून घ्यायचे असते.

मग रुग्णाचे हित कशात? याचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दिले. रेबेका स्मिथ-बाइंडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील २,७५९ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाची सोनोग्राफी तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी केली, दुसऱ्याची क्ष-किरण विभागात झाली, तिसऱ्याचा थेट सीटी काढला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर आजार नजरेतून सुटून अपाय होण्याचे प्रमाण तिन्ही गटांत अत्यल्प होते आणि त्यात लक्षणीय फरक नव्हता. सोनोग्राफीने आरंभ केलेल्यांपैकी काहींना पुढे सीटी लागलाच : पहिल्या गटात शंभरांत सुमारे ४१ जणांना, दुसऱ्यात २७ जणांना. उरलेल्यांचे काम त्याविना भागले, आणि सोनोग्राफीच्या गटांतील रुग्णांच्या वाट्याला सहा महिन्यांत क्ष-किरणांची मात्राही कमी आली.

ही मात्रा का मोजावी? निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट प्रारण मिळते. पोटाच्या नेहमीच्या सीटीत ते १० च्या आसपास जाते, तर कमी मात्रेच्या सीटीत ३ किंवा त्याहून कमी राहू शकते. एका सीटीने भिण्याचे कारण नाही. परंतु मुतखडा हा परत परत उद्भवणारा विकार आहे. तरुणपणी खडा झालेल्याने दर वेळी सीटी काढला, तर आयुष्यभराची बेरीज लहान राहत नाही. गर्भवती स्त्रिया व मुले यांच्या बाबतीत तर सोनोग्राफीच प्रथम करावी.

याचा अर्थ सीटी टाळावा असा मुळीच नव्हे. सोनोग्राफीने उलगडा झाला नाही, शस्त्रक्रिया ठरवायची असली अथवा दुसऱ्या आजाराची शंका असली, तर डॉक्टर सांगतील तेव्हा तो अवश्य करावा. कळेसोबत थंडी-ताप भरला, लघवी बंद झाली, किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असले, तर घरी क्षणभरही थांबू नये. अडलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाल्यास जीव धोक्यात येतो. अशा वेळी ओरोस असो की कुडाळ, सावंतवाडी, बांदा ओलांडून बांबोळी, वाटेला लागणेच श्रेयस्कर. निघताना आधीचे अहवाल व फिल्म सोबत घ्याव्यात. त्या घरी राहिल्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागते.

कोकणात कुळथाचे कढण पूर्वापार घेतले जाते. तथापि कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नव्हे. खडा आत राहून निमूटपणे मूत्रपिंड निकामी करू शकतो, म्हणून बरे वाटल्यावरही सांगितलेली फेरतपासणी चुकवू नये.

शेवटी पाण्याविषयी. दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी खडा झालेल्याने प्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच हा हिशेब दिवसभरात थोडाथोडा पुरा करावा, आणि पर्युषणातील दीर्घ उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्रतही पाळले जाईल आणि देहही राखला जाईल.

तपासणीचा मोठेपणा तिच्या किमतीवर ठरत नाही. आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी, आणि धोक्याची खूण दिसताच विनाविलंब रुग्णालय, एवढा क्रम प्रत्येक घराने ध्यानी ठेवावा.