मलावरोध : औषधापूर्वीं दिनचर्या

ज्या विकारांचें नांव चारचौघांत उच्चारण्यास सभ्य माणसें संकोचतात, त्यांत मलावरोधाचा क्रमांक बराच वर लागेल. डोकें दुखलें तर मनुष्य शेजाऱ्यालाही सांगतो. चार दिवस कोठा साफ झाला नाहीं, ही गोष्ट मात्र तो घरच्या वडील माणसांपासूनही लपवितो. परस्पर दुकानांतून एखादें चूर्ण आणतो, रात्रीं ऊन पाण्याबरोबर घेतो आणि सकाळीं दोन जुलाब झाले म्हणजे रोग गेला असें समजतो. आठवड्याभरानें पुनः तेंच चूर्ण आणि तोच जुलाब! संकोचानें रोग लपतो आणि चूर्णानें त्याचें कारण लपतें. त्या कारणाचा विचार आयुर्वेदानें फार पूर्वीं केलेला आहे, आणि आधुनिक शरीरशास्त्राचें म्हणणेंही त्याच्याशीं बऱ्याच अंशीं जुळतें.

प्रथम मलावरोध कशास म्हणावें हें ठरविलें पाहिजे. रोज एकदां शौचास झालेंच पाहिजे असा पुष्कळांचा समज असतो, आणि एखादा दिवस चुकला कीं ते घाबरून रेचक घेतात. वस्तुतः निरोगी माणसांतही दिवसांतून ३ वेळांपासून आठवड्यांतून ३ वेळांपर्यंत असें निरनिराळें प्रमाण आढळतें. याहून कमी वेळां शौचास होणें, मळ कठीण व खड्यांसारखा असणें, फार कुंथावें लागणें, किंवा जाऊन आल्यावरही पोट मोकळें झालेंसें न वाटणें, हीं मलावरोधाचीं खरीं लक्षणें होत. प्रत्येकाचा कोठा सारखा नसतो हें आयुर्वेदानें गृहीतच धरलें आहे. वातप्रधान माणसाचा कोठा क्रूर, पित्तप्रधानाचा मृदु व कफप्रधानाचा मध्यम असें तें शास्त्र सांगतें. मृदु कोठ्याच्या मनुष्यास नुसत्या दुधानेंही रेच होतो. क्रूर कोठ्याच्या मनुष्यास तीव्र औषधही पुरें पडत नाहीं. तेव्हां शेजाऱ्यास लागू पडलेलें औषध सर्वांनाच लागू पडेल, अशी अपेक्षा कोणीं धरूं नये.

आतां कारणाकडे वळूं जातां, चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातवा अध्याय लक्षांत घेण्यासारखा आहे. शरीराचे स्वाभाविक वेग दाबूं नयेत हा त्याचा विषय. भूक, तहान, झोंप, शिंक, जांभई, अश्रु अशा १३ वेगांत मलाच्या वेगाचीही गणना आहे. तो दाबल्यास पक्वाशयांत व मस्तकांत वेदना होतात, पोटऱ्यांत गोळे येतात व पोट फुगतें, असें चरकाचार्य सांगतात. वाग्भटानें त्याची दुसरी बाजूही दाखविली आहे : आलेला वेग दाबणें जसें रोगाचें मूळ, तसेंच न आलेला वेग बळेंच आणणें हेंही रोगाचें मूळ.

या उपदेशाचें मर्म शरीराच्या रचनेवरून स्पष्ट होतें. पचनानंतर उरलेला भाग मोठ्या आंतड्यांत येतो तेव्हां तो पातळ असतो. सुमारें दीड मीटर लांबीच्या या आंतड्यांतून पुढें सरकतांना त्यांतील पाणी शोषलें जातें. मळ जितका अधिक वेळ आंत राहील, तितका तो कोरडा व कठीण होणार. तो गुदाशयांत उतरला म्हणजे वेगाची जाणीव होते. ती दाबली तर कांहीं वेळानें ओसरते. पण वारंवार दाबली तर गुदाशय ताणून सैल पडतो व ती जाणीवच मंद होत जाते. कठीण मळानें वेदना होतात, आणि वेदनेच्या भीतीनें पुढचा वेगही दाबला जातो. लहान मुलांत हें चक्र फार लवकर सुरू होतें. अशा मुलास रागावल्यानें त्याची भीति मात्र वाढते, मळ कांहीं मऊ होत नाहीं.

शहरांतील जीवनक्रमांत हें वेगधारण अंगवळणीं पडलें आहे. मुंबईच्या चाळींत मजल्याच्या टोंकाला सामायिक शौचकूप असतात आणि बाहेर रांग असते. कोणास आठ वाजतांची लोकल गांठावयाची असते. शाळेंतला शौचकूप अस्वच्छ, म्हणून कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहींत. घरच्या गृहिणीची स्थिति तर याहून बिकट! सर्वांचे डबे, मुलांची वेणीफणी, पाण्याची वेळ हें सारें उरकेपर्यंत तिचा वेग केव्हांच उलटून गेलेला असतो. पुढें तिला मूळव्याध किंवा गुदद्वारास चीर पडण्याचा विकार जडला, म्हणजे तिच्या प्रकृतीस बोल लावला जातो. दोष प्रकृतीचा कमी व घरच्या वेळापत्रकाचा अधिक असतो, हें मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

म्हणून पहिला उपाय वेळेचा. झोंपेतून उठल्यावर आणि कांहीं खाल्ल्याप्याल्यावर मोठ्या आंतड्याची हालचाल स्वभावतःच वाढते. आयुर्वेदाच्या दिनचर्येंत पहाटे उठून शौचविधि उरकण्यास सांगितलें आहे, त्याशीं हें सुसंगतच आहे. नेहमींपेक्षां अर्धा तास लवकर उठावें, ऊन पाणी प्यावें, आणि ठराविक वेळीं पांच-दहा मिनिटें स्वस्थपणें बसावें. वर्तमानपत्र व मोबाईल बाहेर ठेवावे. कुंथूं नये, वेग न आल्यास उठावें व न्याहारीनंतर पुनः जावें. उकिडवें बसल्यानें मलमार्ग सरळ होतो. कमोड वापरणारानें पायांखालीं वीतभर उंचीचा पाट घेतल्यास तोच लाभ मिळतो.

दुसरा उपाय आहाराचा. प्रौढ माणसाच्या आहारांत रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा असावा. ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी, कोंडा न काढलेल्या गव्हाची पोळी, सालीसह डाळी, मोड आलेलीं कडधान्यें, पालेभाज्या, पेरू, अंजीर व मनुका यांतून तो सहज मिळतो. मैद्याचीं बिस्किटें व पाव यांत तो फार थोडा असतो. उपवासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी खाऊन पोट जड होतें, याचें कारण साबुदाण्यांत पिष्टाशिवाय फारसें कांहीं नसतें हें होय; त्याऐवजीं राजगिरा, रताळें व फळें घ्यावीं. चोथा हळूहळू वाढवावा व त्याबरोबर पाणीही वाढवावें, नाहींतर पोट फुगतें. वाताचा रूक्षपणा कमी करण्यासाठीं वैद्य जेवणांत थोडें तूप घेण्यास सांगतात. शतपावलीवर न थांबतां रोज अर्धा तास चालावें.

औषधाचा विचार यानंतर करावा. शार्ङ्गधरानें कोठा साफ करणाऱ्या द्रव्यांच्या सौम्यापासून तीव्रापर्यंत चार पायऱ्या लाविल्या आहेत : हिरडा, बाहव्याचा गर, कुटकी व निशोत्तर. पहिल्या पायरीनें काम होत असतां शेवटच्या पायरीवर उडी घेण्याचें कारण नाहीं. हिरडा, बेहडा व आवळा यांचें त्रिफळाचूर्ण रात्रीं ३ ते ६ ग्रॅम ऊन पाण्याबरोबर घेण्याचा प्रघात आहे. इसबगोलाची भुशी पाणी धरून ठेवते व मळ मऊ करते. पण ती पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावी, नाहींतर घशांत किंवा आंतड्यांत अडकण्याची भीति असते. सोनामुखी व एरंडेल हीं प्रसंगोपात्त घ्यावयाचीं औषधें, रोजचीं नव्हेत. बस्ति ही वातावरील श्रेष्ठ चिकित्सा खरी. परंतु ती जाणत्या वैद्याकडूनच घ्यावी. गर्भिणी, लहान मुलें व वृद्ध यांना कोणतेंही रेचक सल्ल्यावांचून देऊं नये.

कित्येकदां मलावरोध हा दुसऱ्या रोगाचा किंवा औषधाचा परिणाम असतो. लोहाच्या गोळ्या, अफूजन्य वेदनाशामकें, रक्तदाबावरील व मानसिक विकारांवरील कांहीं औषधें यांनीं कोठा बद्ध होतो. मधुमेहांत व गलग्रंथीचें कार्य मंदावल्यासही तसें होतें. मळांतून रक्त जाणें, कारणावांचून वजन घटणें, अंगांत रक्त कमी होणें, किंवा पन्नाशीच्या सुमारास शौचाची जुनी संवय एकाएकीं बदलणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. पोट फुगून तीव्र दुखत असेल, उलट्या होत असतील व वायुही सरत नसेल, तर रेचक मुळींच न देतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

एरवीं बहुसंख्य लोकांचा मलावरोध पथ्य व संवय यांनीं आटोक्यांत येतो. पण ही संवय एकट्यानें लागत नाहीं. घरानें तिला जागा करून द्यावी लागते. सकाळचीं दहा मिनिटें मुलास घाई करूं नये, शाळेच्या शौचकूपाची चौकशी पालकांनीं करावी, आणि घरच्या गृहिणीचा पहिला चहा निवांत होईल एवढीं कामें इतरांनीं वांटून घ्यावीं. इतकी व्यवस्था ज्या घरांत होईल, त्या घरांतील चूर्णाची डबी हळूहळू फळीवरच पडून राहील.