इंग्रजी वाक्यातील शब्दांची जागा



महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीतच इंग्रजीचा आरंभ होतो. तरीही वरच्या इयत्तांतील मुले ‘आय मँगो ईट’ असे लिहितात. शिक्षक तांबडी रेघ ओढतात आणि काही दिवसांनी मूल लिहिणेच टाळू लागते. वस्तुतः हा निष्काळजीपणा नव्हे. मूल मायबोलीच्या नियमाने चाललेले असते.

‘कुत्र्याने मांजराला पाहिले’ आणि ‘मांजराला कुत्र्याने पाहिले’ यांचा अर्थ एकच. कारण कर्ता व कर्म प्रत्ययांवरून कळतात. इंग्रजी नामांना तसे प्रत्यय नाहीत. तेथे ते काम शब्दाची जागा करते. ‘द डॉग सॉ द कॅट’ यातील नामे उलटविली की पाहणाराच बदलतो!

म्हणून व्याख्या पाठ करवून घेण्यापूर्वी तीन मुलांच्या हाती ‘द डॉग’, ‘सॉ’, ‘द कॅट’ अशा पट्ट्या देऊन त्यांना ओळीत उभे करावे. मग दोघांच्या जागा बदलाव्यात. अर्थ कसा फिरला ते वर्गाने सांगावे. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांच्या चुका तूर्त सोडून द्याव्यात. मराठीत अशी उपपदेच नाहीत, ती सरावाने येतील. क्रियापदाची जागा मात्र सोडू नये. लेखनाची वही आठवडाभराने उघडली तरी चालेल.