भंगारातले मिक्सर आणि माझे आठ महिने

आजच्या एपिसोडला पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हे बोललेलंच लिहून काढलंय. मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' थोडे गाळलेत, सगळे नाही.

मागच्या वर्षी एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता मीटिंगचं निमंत्रण आलं. विषयाच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. अकरा वाजून बारा मिनिटांनी माझा लॅपटॉप लॉक झाला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरज पण नाही. तुमच्यापैकी अनेकांनी असली मीटिंग बघितली असेल, नाहीतर शेजारच्या डेस्कवरच्याने बघितली असेल.

हातात दोन महिन्यांचा पगार आणि डोक्यावर शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, नऊ हजार चारशे. कर्वेनगरमध्ये तिघांत मिळून फ्लॅट. घरी कराडला आईबाबा. बाबा एसटीतून रिटायर झालेले. त्यांना सांगितलं नाही. 'पुढच्या महिन्यात मिळेलच की' असं स्वतःला समजावलं. पुढचा महिना आला, त्याच्या पुढचाही आला.

आता यात भंगार कुठून आलं? तर आमचा मिक्सर बंद पडला. रूममेट म्हणाला, टाकून दे, नवीन मागवू. माझ्याकडे नवीन मागवायला पैसे नव्हते, म्हणून मी तो उलटा केला. खाली एक छोटं लाल बटण असतं. तुम्ही कधी बघितलंय? ओव्हरलोडचं बटण. भांड्यात खोबरं जास्त झालं, चटणी फार घट्ट झाली की मोटर तापते आणि ते बटण आपोआप बाहेर येतं. दहा मिनिटं थंड होऊ द्यायचं, बटण आत दाबायचं, मिक्सर सुरू. बस. आमच्या मिक्सरला एवढंच झालं होतं.

मी बीटेक कॉम्प्युटरचा. मोटरशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या लॅबपुरता, आणि त्यातसुद्धा रीडिंग शेजारच्याची. पण डोक्यात आलं की असे किती मिक्सर फुकट टाकले जात असतील? संध्याकाळी वारज्याकडे जाताना एक भंगाराचं दुकान लागतं तिथे गेलो. शेठना विचारलं, मिक्सर आहेत का? त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे ढीग होता. मिक्सर, टेबल फॅन, इस्त्र्या, बिनझाकणाचे कुकर.

'काय करणार?' ते म्हणाले.

'दुरुस्त करीन.'

'इंजिनिअर आहात का?' मी हो म्हटलं. 'मग घेऊन जा, तुमच्याकडून किलोवर नाही घेत.' ते हसले, आणि नगावर दीडशे घेतले. किलोवर घेतले असते तर मला स्वस्त पडलं असतं, हे मला दोन आठवड्यांनी कळलं.

हे गणित समजून घ्या, कारण सगळा धंदा त्यात आहे. भंगारवाल्यासाठी मिक्सर हे यंत्र नाही. ते तांबं, लोखंड आणि प्लास्टिक आहे. मोटर फोडायची, वाइंडिंगचं तांबं काढायचं, बाकी वेगळं करायचं. तांब्याला तेव्हा किलोला सहा-सातशे मिळायचे, पण एका मिक्सरमध्ये तांबं असतं थोडंसं, आणि बऱ्याच नव्या स्वस्त मोटरींत तर ॲल्युमिनियमचंच वाइंडिंग असतं. म्हणजे फोडलेल्या मिक्सरची किंमत शंभराच्या आसपास. तोच मिक्सर चालू असेल तर सहाशे. मधल्या पाचशेत मी जगलो.

आणि बिघाड तरी काय असतात? बहुतेक वेळा तेच तेच. कार्बन ब्रश झिजलेले असतात, तीस-चाळीस रुपयांची जोडी. नाहीतर खालचा कपलर तुटलेला, म्हणजे भांडं ज्याच्यावर बसतं ते दातेरी चाक. सीलिंग फॅन हळू फिरतो, ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, तर दहातल्या आठ वेळा कपॅसिटर गेलेला. अडीच एमएफडीचा कपॅसिटर, पन्नास रुपये. टेबल फॅन घरघरतो तर बुश कोरडा पडलाय. हे सगळं सामान तापकीर गल्लीत मिळतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा 'कपलर द्या' म्हणालो. दुकानदार म्हणाला, 'कुठल्या मिक्सरचा? बारा प्रकार आहेत.' मी परत आलो, जुना तुकडा घेऊन पुन्हा गेलो. तेव्हापासून तुटलेला भाग खिशात ठेवूनच जायचो.

विकायला जुना बाजार. पुण्यातल्यांना माहीत असेल, मंगळवार पेठेत, बुधवारी आणि रविवारी. रस्त्याच्या कडेला चादरी अंथरलेल्या. त्यावर नळाच्या तोट्या, कुलपं, पितळेची भांडी, बूट, जुने कॅमेरे, स्पॅनर, देवाच्या मूर्ती, एकट्याच सापडलेल्या चार्जरच्या वायरी. तिथे जागा अशीच मिळत नाही. वर्षानुवर्षं बसणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या. मला शेठच्या ओळखीच्या एका काकांनी त्यांच्या चादरीच्या टोकाला बसू दिलं. बदल्यात मी त्यांच्या रेडिओंची सोल्डरिंग करून द्यायची.

पहिल्या रविवारी मी मास्क लावून बसलो होतो. धूळ होती हे खरं, पण मास्क धुळीसाठी नव्हता. ऑफिसमधलं कोणी दिसलं तर, म्हणून.

तिथे गिऱ्हाईक आधी वस्तू चालू करून बघायला मागतं, आणि बाजारात प्लग पॉइंट कुठला? काकांनी शिकवलं. शेजारच्या टपरीवाल्याशी बोलून ठेवायचं, एक एक्स्टेन्शन बोर्ड आणायचा, त्याला दिवसाचे वीस रुपये द्यायचे. ज्या दिवशी मी बोर्ड नेला त्या दिवशी चार मिक्सर गेले. त्याच्या आदल्या बुधवारी एकही नाही. यूजरला डेमो दाखवा, हे मी तीन वर्षं स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये ऐकलं होतं.

एकदा आईचा फोन तिथेच आला.

'ऑफिसात हायस का?'

'हो.'

'मग मागं एवढा गलका कसला? कोण ओरडतंय "पन्नास पन्नास"?'

'कँटीनमध्ये आहे गं.'

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'जेवून घे.' तिला काय कळलं आणि काय नाही, मी अजून विचारलेलं नाही.

खरं तर आमच्या घरात हा धंदा परका नाही. लहानपणी दुपारी बोहारीण यायची. डोक्यावर नव्या स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीला जुन्या कपड्यांचं बोचकं. आई माझ्या आखूड झालेल्या पँटी आणि बाबांचे विटलेले शर्ट काढायची, आणि मग तासभर घासाघीस. पातेलं पाहिजे, बोहारीण वाटी दाखवणार. आई कपडे परत उचलणार, ती मधलं भांडं काढणार. मला ते नाटक वाटायचं. आता वाटतं, त्या बाईने तासभरात प्रत्येक कपड्याचा भाव मनात लावलेला असायचा. कुठला शर्ट रफू करून, धुऊन, इस्त्री करून बाजारात जाईल, कुठली साडी जरीसाठी जाईल, कुठल्याच्या नुसत्या चिंध्या होऊन गॅरेजमध्ये हात पुसायला जातील. माझ्याकडे त्यासाठी एक्सेल शीट होती. तिच्याकडे डोकं होतं.

शीटवरूनच सांगतो. आठ महिन्यांची सरासरी अकरा हजार. सगळ्यात चांगला महिना दिवाळीच्या आधीचा, सतरा हजार, कारण घरोघरी साफसफाई निघते. सगळ्यात वाईट जुलै, चार हजार, कारण पावसात जुना बाजार भरतो कसला. हप्ता गेल्यावर काय उरत होतं ते तुम्हीच काढा. भाड्याचे तीन महिने रूममेट्सनी सांभाळले. 'भंगारातून लाखो कमवा' अशी रील्स बघितली की म्हणून मला हसू येतं.

एक चूक पण सांगायला पाहिजे. एक इस्त्री विकली, दोनशेला. पुढच्या रविवारी माणूस परत आला. त्याच्या बायकोला झटका बसला होता. सुदैवाने हात निघाला, बाकी काही झालं नाही. मी बघितलं तर आतली वायर बॉडीला टेकत होती, आणि मी दोन पिनचा प्लग लावून दिला होता. अर्थिंगच नाही. इस्त्री तापतेय का एवढंच मी तपासलं होतं. पैसे परत दिले. त्या माणसाने आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. त्यानंतर इस्त्री, गीझर, पाण्याचा रॉड यांना हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि बाकी प्रत्येक वस्तू आधी सिरीज बल्बवर लावून बघायची, बॉडीला टेस्टर लावायचा, मगच पिशवीत.

आता ज्यासाठी हा एपिसोड केला तिथे येतो.

चौथ्या महिन्यात मला वाटलं आपण हुशार झालो. शेठकडून विकत कशाला घ्यायचं? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'बंद पडलेले मिक्सर, पंखे असतील तर मला द्या, मी घरी येऊन घेऊन जाईन.' तासाभरात अकरा मेसेज. लोक फुकट देत होते, वर थँक यू म्हणत होते. खरेदी शून्य! त्या महिन्याचा आकडा बघून मी पार्टी केली. पार्टी म्हणजे मिसळ.

आमच्या सोसायटीचा कचरा घेणाऱ्या एक मावशी आहेत. 'स्वच्छ'च्या सभासद. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. 1993 मध्ये बाबा आढाव आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत सुरू झाली. कचरा वेचणाऱ्यांची, बहुतेक बायकांचीच, संघटना. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. दारोदारचा कचरा त्या उचलतात, घरटी महिन्याला शुल्क घेतात, आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसे त्यांचे. शुल्कावर घर चालत नाही, भंगार धरून चालतं. हे मला माहीत होतं का? स्वच्छ शब्द माहीत होता, गाडीवर वाचलेला.

एका सकाळी मी जिन्यातून पंखा घेऊन उतरत होतो. मावशी खाली ओला-सुका वेगळा करत बसल्या होत्या.

'दादा, एक इचारू का? राग नका मानू.'

'विचारा ना.'

'त्या वरच्या काकू दर दिवाळीला मला मोडकं सामान देत्यात. औंदा म्हनल्या, इंजिनिअरला दिलं. तुमी कंपनीत हाय ना? मग तुमाला कशाला लागतं ते?'

मी खूप काही बोलू शकलो असतो. नोकरी गेली, हप्ता आहे, मी फोडत नाही, दुरुस्त करतो, पर्यावरणाला चांगलं. सगळं खरं होतं. पण त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच की माझी खरेदी शून्य नव्हती. ती त्यांच्या खात्यातून जात होती. बीटेक, मोबाइल आणि ग्रुपवर असण्याची सोय, एवढ्या जोरावर मी एका कचरा वेचणाऱ्या बाईच्या वाटणीचं उचललं होतं.

मी सांगितलं, 'मावशी, माझी नोकरी गेलीय.' रूममेट्स सोडून मी हे सांगितलेल्या त्या पहिल्या. त्या म्हणाल्या, 'आगं बया,' आणि काम करत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, 'मग असं करा, मी आनते, तुमी घ्या.'

तोच व्यवहार ठरला. ग्रुपवर मी दुसरा मेसेज टाकला की सामान मावशींनाच द्या. त्या मला मिक्सर दोनशेला द्यायच्या, भंगारात त्यांना त्याचे सत्तर-ऐंशी आले असते. माझा नफा कमी झाला, पण त्यांच्या ओळखीच्या इतर सोसायट्यांतल्या बायकाही आणायला लागल्या, त्यामुळे माल वाढला. हे ऐकून 'वा, सगळ्यांचं भलं झालं' असं म्हणू नका. मधल्या दोन महिन्यांचं जे गेलं ते मी त्यांना दिलं नाही. हिशेब काढला होता, दोन हजारांच्या आसपास. तेव्हा नव्हते. नंतर द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत, म्हणाल्या, 'त्यात काय येवढं.' माझ्या शीटमध्ये ती ओळ अजून लाल आहे.

एक कायद्याची गोष्ट पण, कारण कमेंटमध्ये विचारणार. 2022 चे ई-कचऱ्याचे नियम आहेत, 1 एप्रिल 2023 पासून लागू. पूर्वीच्या यादीत 21 वस्तू होत्या, आता 106 आहेत. जुन्या वस्तू दुरुस्त करून विकण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी नोंदणी करायची असते. जुन्या बाजारात चादरीवर बसलेल्या माणसाला ते पोर्टल उघडून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. मी स्वतः पोर्टल उघडून बघितलं आणि बंद केलं. पाठ थोपटून घेण्यासारखं नाही, पण झालं तसं सांगतोय.

नवव्या महिन्यात नोकरी लागली. आधीपेक्षा पगार थोडा कमी. इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, मधल्या आठ महिन्यांत काय केलं? मी म्हणालो, 'अपस्किलिंग.' खोटं नव्हतं तसं.

बुधवार आता जमत नाही. रविवारी जातो अधूनमधून, मास्कशिवाय. मावशी अजून सामान आणतात, मात्र आता त्यांचा मुलगा स्वतः कपॅसिटर बदलतो. त्याला मी दोन रविवार शिकवलं, तिसऱ्या रविवारी त्याने मला सांगितलं की मी बुशला तेल चुकीचं घालतोय. मशीनचं तेल घालायचं, खोबरेल नाही. आठ महिने मी खोबरेल घालत होतो, मंडळी. कोणाकडे माझ्याकडून घेतलेला टेबल फॅन असेल आणि तो थंडीत अडकत असेल, तर सॉरी. पुढच्या एपिसोडला त्यालाच बोलावलंय, पंखा घेऊनच येणार आहे तो.